स्वतःचाच पगार सोडून देण्याची प्राथमिक पद्धती

(ब्रिटनमध्ये अम्ब्रेला कंपनीमार्फत काम करणाऱ्या नवशिक्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी)

लागणारं सामान

एक पेस्लिप, शक्यतो स्वतःची. एक कॅल्क्युलेटर. अम्ब्रेला कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड, आणि तो आठवत नसेल तर नवा मागवण्याइतका धीर. शिवाय एक मोकळी संध्याकाळ. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरची, कारण त्यांच्या पाळणाघराचा विषयही पुढे निघणार आहे.

पात्रता

तुम्ही कॅनरी व्हार्फमधल्या एका बँकेत काम करता. तिथला मॅनेजर रोज भेटतो, पण तो तुमचा मालक नाही. ज्या एजन्सीतल्या मुलाने दिवसातून चार फोन करून हे काम गळ्यात मारलं, ती एजन्सीही मालक नाही. काम लागल्यापासून त्या मुलाचा फोन आलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तुमचा कायदेशीर मालक म्हणजे ज्या गावात तुम्ही कधी पाऊल ठेवलेलं नाही अशा गावातलं एक ऑफिस. त्याला अम्ब्रेला कंपनी म्हणतात. एजन्सीकडून पैसे घ्यायचे, कर कापायचा, उरतील ते तुम्हाला द्यायचे आणि या उपकारापोटी आठवड्याला वीस-पंचवीस पौंड 'मार्जिन' ठेवून घ्यायचं, इतकं तिचं काम. हे वर्णन जुळत असेल तर पुढे वाचा. कंपनीने स्पॉन्सर केलेल्या व्हिसावर असाल तर वाचू नका. तुमचा स्पॉन्सर हाच तुमचा मालक असावा लागतो आणि हा सगळा तमाशा तुमच्यासाठी नाही.

ही व्यवस्था कोणी बसून आखलेली नाही, ती साचत गेली. पूर्वी कॉन्ट्रॅक्टर स्वतःची लिमिटेड कंपनी काढायचे, स्वतःच डायरेक्टर व्हायचे आणि डिव्हिडंड घ्यायचे. ९ मार्च १९९९ रोजी इनलँड रेव्हेन्यूने, म्हणजे तेव्हाच्या कर खात्याने, एक प्रसिद्धिपत्रक काढलं. त्याचा क्रमांक आयआर ३५. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला (कंपनी काढून नोकरासारखं राबलात तरी कर नोकराचाच) आणि प्रसिद्धिपत्रकाचा क्रमांकच त्याला नाव म्हणून चिकटला. तुम्ही खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहात की नोकरासारखे राबता, हे बरीच वर्षं तुम्हीच ठरवायचं होतं. बहुतेकांनी आपल्या सोयीचं ठरवलं. २०१७ मध्ये सरकारी खात्यांत आणि एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मोठ्या-मध्यम कंपन्यांत हा निवाडा क्लायंटकडे गेला. बँकांनी डोकेफोड न करता लिमिटेड कंपन्यांना दारच बंद केलं: यायचं तर अम्ब्रेलातून या. मध्ये २३ सप्टेंबर २०२२ ला तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे नवे नियम रद्द करण्याची घोषणा केली आणि हाउन्स्लोपासून मिल्टन कीन्सपर्यंत अनेकांनी बंद पडलेल्या कंपन्यांची कागदपत्रं माळ्यावरून काढली. १७ ऑक्टोबरला त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती घोषणा मागे घेतली. कागदपत्रं परत माळ्यावर गेली.

पायरी १: आपला पगार किती आहे ते शोधून काढा

एजन्सीने रोजचे ५०० पौंड सांगितले. तुम्ही मनातल्या मनात २२० दिवसांनी गुणलं, १,१०,००० आले आणि त्याच रात्री गावाकडे फोन करून हा आकडा कळवला. अजून कळवला नसेल तर कळवू नका. हा तुमचा पगार नाही. हा असाइनमेंट रेट, म्हणजे तुमच्या नावावर कंपनीकडे येणारा पैसा.

त्यातून आधी मार्जिन: आठवड्याला २५ पौंड धरले तर ४४ आठवड्यांचे १,१००. राहिले १,०८,९००. मग मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, ज्याला सगळे एनआय म्हणतात. ६ एप्रिल २०२५ पासून तो वर्षाला ५,००० पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के आहे, त्याआधी १३.८ टक्के होता आणि ९,१०० पर्यंत माफी होती. त्यानंतर अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही, ज्यातून देशातल्या तरुणांना प्रशिक्षण मिळतं. हे दोन्ही मालकाने भरावेत असं कायदा सांगतो, आणि तुमचा मालक ते इमानेइतबारे भरतोही. तुमच्या रेटमधून भरतो. यात बेकायदा काही नाही. फक्त ही वजावट असाइनमेंट रेटमधून व्हायला हवी, ठरलेल्या ढोबळ पगारातून नव्हे.

वरच्या उदाहरणात मालकाचा एनआय १३,४९० पौंड, लेव्ही ४७५ आणि तुमचा खरा ढोबळ पगार ९४,९३५ पौंड निघतो. सुट्टीचा पगारही याच्याच पोटात असतो. आता तुमचा स्वतःचा प्राप्तिकर २५,४०६ आणि स्वतःचा एनआय ३,९०९ वजा करा. वर्षभर सारखा पगार आला असं धरून हातात ६५,६२०. (स्कॉटलंडात राहत असाल तर प्राप्तिकराचे टप्पे निराळे आहेत, आणि ते तुमच्या बाजूचे नाहीत.) शंभरातले साठ. हा साठाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे एका ठगाला ओळखायला उपयोगी पडेल.

हा सगळा हिशेब काम घेण्याआधीच पाहता येतो. एप्रिल २०२० पासून एजन्सीने प्रत्येकाला 'की इन्फर्मेशन डॉक्युमेंट' नावाचा कागद देणं बंधनकारक आहे आणि त्यात नमुन्यादाखल सगळ्या वजावटी मांडलेल्या असतात. तो कागद ईमेलला जोडून येतो. उघडत कोणी नाही.

पायरी २: आपल्याला आधीच पेन्शन आहे का ते पाहा

आई साताऱ्याहून फोन करते आणि तिसऱ्या मिनिटाला विचारते, "नोकरीला पेन्शन आहे का रे तुझ्या?" "आहे गं आई," असं उत्तर द्यावं. ते खोटं नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर जे आहे ते नाही. तिच्या मनात जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या मामांची पेन्शन आहे: दर महिन्याला येणारी, महागाई भत्त्यासकट वाढणारी, मामांच्या मागे मामींना मिळणारी. ती आता महाराष्ट्रातही १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना मिळेनाशी झाली आणि त्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. तुमची पेन्शन म्हणजे तुमच्या नावाचं एक खातं. त्यात जेवढं घालाल आणि बाजार जेवढं वाढवील तेवढं. हे आईला फोनवर समजावू नये.

२०१२ पासून टप्प्याटप्प्याने ब्रिटनमधल्या प्रत्येक मालकाला ऑटो-एनरोलमेंट लागू झालं. वय बावीसच्या पुढे, सरकारी पेन्शनच्या वयाच्या आत आणि कमाई वर्षाला १०,००० पौंडांच्या वर असेल तर मालकाने तुम्हाला आपणहून पेन्शन योजनेत घालायचं. मात्र त्याला तीन महिने थांबण्याची मुभा आहे. आणि कॉन्ट्रॅक्ट किती दिवसांचं असतं? अनेकदा तीनच महिन्यांचं. त्यामुळे पाच वर्षं अम्ब्रेलात काढूनही पेन्शनमध्ये एक पेनी नाही, अशी माणसं गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत सहज भेटतात. ती दुसऱ्यांना गुंतवणुकीचा सल्लाही देत असतात.

सक्तीचा किमान वाटा ६,२४० ते ५०,२७० पौंडांमधल्या पगारावर ८ टक्के, त्यातले किमान ३ टक्के मालकाचे. पुरा हिशेब केला तर वर्षाला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास. आता 'मालकाचे ३ टक्के' वाचून ज्यांना बरं वाटलं त्यांनी पायरी १ पुन्हा वाचावी. लग्नात आपणच पाकिटात पैसे घालून यजमानाच्या हातात द्यावेत आणि त्याने तेच पाकीट आहेर म्हणून आपल्याला परत करावं, तसा हा मालकाचा वाटा. फोटोपुरतं हसावं आणि पाकीट घ्यावं.

पायरी ३: पगार सोडून द्या

हीच मुख्य कृती. बाकीच्या पायऱ्या तिच्या आजूबाजूच्या.

सॅलरी सॅक्रिफाइस म्हणजे तुम्ही कंपनीला लेखी कळवायचं की माझा पगार अमुक इतक्याने कमी करा आणि ती रक्कम मालकाचा वाटा म्हणून माझ्या पेन्शन खात्यात भरा. तुमच्या नोकरीच्या करारात तसा बदल होतो. पगार देय होण्याआधी तो व्हायला हवा. मागच्या महिन्याचा पगार आज सोडता येत नाही. एकदा पगार कमी झाला की त्या रकमेवर तुमचा प्राप्तिकर नाही, तुमचा एनआय नाही, आणि इथेच खरी गंमत आहे, मालकाचा एनआयही नाही, लेव्हीही नाही. साध्या नोकरीत मालकाचा वाचलेला एनआय मालक खिशात घालतो आणि फार उदार असेल तर अर्धा कर्मचाऱ्याला देतो. अम्ब्रेलात मुळात तो तुमच्याच रेटमधून गेलेला असतो, म्हणून परत येतो तोही तुमच्याकडेच. सगळे खर्च आपल्या माथी मारणाऱ्या या व्यवस्थेने कायम नोकरीवाल्यावर मात केलेली ही एकच जागा मला सापडली आहे, आणि ती वापरणारे लोक मला फारच थोडे दिसतात.

आकड्यांत सांगतो. वरच्याच ५०० पौंड रोजवाल्याने वर्षात ३०,००० पौंड अशा रीतीने पेन्शनमध्ये घातले. ढोबळ पगार ९४,९३५ वरून ६८,९६१ वर आला. हातातली रक्कम ६५,६२० वरून ५०,५५५ वर. म्हणजे खिशातून गेले १५,०६५ आणि खात्यात पडले ३०,०००. चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला पेन्शनमधले शंभर पौंड साधारण पन्नासला पडतात.

"पण मी तर स्वतःच माझ्या सिपमध्ये पैसे टाकतो," असं म्हणणारे हुशार लोक असतात. सिप म्हणजे स्वतः चालवायचं पेन्शन खातं. त्यात हातातल्या पैशातून ८० भरले की सरकार वर २० टाकतं आणि चाळीसवाल्याला आणखी २० सेल्फ असेसमेंटमधून मागता येतात. हिशेब ६० चा झाला. पण पैसा हातात येईपर्यंत दोन्ही एनआय भरून झालेले असतात आणि ते कोणी परत देत नाही. शिवाय ते २० मागायचे राहून गेले, तर तेवढी देणगी सरकारच्या तिजोरीत जमा. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला फरक याहून जास्त: स्वतः भरलं तर शंभराला ८०, पगार सोडला तर ६२ च्या जवळपास.

एनआयच्या स्वभावातली एक गोष्ट नवशिक्यांना माहीत नसते. प्राप्तिकर वर्षाचा हिशेब सांभाळून ठेवतो, जानेवारीत काम सुटलं तर फेब्रुवारीत त्याला आठवण असते. एनआयला आठवण नाही. आठवड्याला पगार मिळत असेल तर तो फक्त तेवढा आठवडा बघतो: माफीच्या वर ९६७ पौंडांपर्यंतच्या भागावर ८ टक्के, त्यावरच्या भागावर २. म्हणून वर्षभर थोडाथोडा पगार सोडण्यापेक्षा काही आठवडे जवळजवळ सगळाच सोडला, तर ८ टक्केवाला भागही वाचतो. तेवढे आठवडे घर कसं चालवायचं हे ज्याचं त्याने पाहावं. आणि 'सगळाच' सोडता येत नाही. किमान वेतनाच्या खाली जाता येत नाही. एप्रिल २०२६ पासून एकवीस वर्षांवरच्यांना ते ताशी १२.७१ पौंड आहे, म्हणजे साडेसदतीस तासांच्या आठवड्याला साधारण ४७७.

पायरी ४: कंपनीला फोन लावा

अम्ब्रेला निवडण्याआधी लावलेला बरा, कारण नंतर फोन उचलण्याची घाई त्यांना नसते. पहिला प्रश्न: माझ्या स्वतःच्या सिपमध्ये पैसे भराल का? काही कंपन्या फक्त नेस्टमध्ये भरतात. ही सरकारने उभी केलेली योजना, बरी आहे, पण निवड तुमची असावी. दुसरा प्रश्न: वाचलेला मालकाचा एनआय पूर्ण माझ्या खात्यात जाईल का? इथे समोरून जरा शांतता पसरली तर समजावं. 'आम्ही तो प्रशासकीय खर्चासाठी ठेवतो' हे उत्तर आलं तर आभार मानून दुसऱ्या कंपनीला फोन लावावा. हजार पौंडांमागे सव्वाशे-दीडशे पौंडांचा हा प्रश्न आहे, मार्जिनमधल्या पाच पौंडांच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी मोठा. तिसरा प्रश्न फीचा. चौथा, पगारातून काढलेली रक्कम सिपमध्ये किती दिवसांनी पोचते याचा. त्या मधल्या दिवसांत पैसा तुमच्या खात्यात नसतो, कंपनीच्या असतो, आणि कंपन्या बुडतात. म्हणून दर महिन्याला पेस्लिप आणि सिपचं स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहावं.

मार्च महिन्यात हे सगळं करायला घेऊ नये. करवर्ष ५ एप्रिलला संपतं आणि पैसे त्याआधी योजनेत पोचायला हवेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा फोन लागला असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पायरी ५: मुलांना उठवू नका, पण त्यांचा विचार करा

तुमचा रेट ६५० असेल तर तुम्ही एका विशेष पट्ट्यात आहात. ढोबळ पगार १,००,००० पौंडांच्या वर गेला की दर दोन पौंडांमागे तुमच्या १२,५७० पौंडांच्या करमाफीतला एक पौंड सरकार काढून घेतं आणि १,२५,१४० ला ती पूर्ण संपते. या पट्ट्यात प्राप्तिकर ४० नाही, व्यवहारात ६० टक्के पडतो, वर एनआयचे २. असा पट्टा आहे हे सरकारी कर-तक्त्यात कुठे दिसत नाही. तिथे ४० लिहिलेलं असतं.

रोज ६५० वाल्याचा ढोबळ पगार वरच्याच रीतीने १,२३,५०६ निघतो. त्याला एक लाखावर आणायचं तर पेन्शनमध्ये २७,१५० घालावे लागतात. खिशातून जातात फक्त ८,९३२. शंभराला तेहतीस. अशा भावात ब्रिटनमध्ये दुसरं काही मिळत असेल तर कळवावं.

आणि अजून पाळणाघर आलेलंच नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या वयापर्यंत, काम करणाऱ्या आई-वडिलांना आठवड्याला तीस तास सरकारी खर्चाचे मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. अट अशी की दोघांपैकी एकाचीही समायोजित कमाई लाखाच्या वर नको. एक पौंड जास्त झाला तरी सगळं बंद. हळूहळू कमी होणं वगैरे नाही. नवरा ९९,००० आणि बायको ९९,००० मिळवत असतील तर तीस तास मिळतात. नवरा घरचा एकटा कमावता, १,००,००१ मिळवतो, तर नाही. (तसंही एकटा कमावता असेल तर मिळत नाहीत, पण उदाहरण म्हणून त्याला वाईट वाटू द्या.) लंडनमध्ये ज्यांनी नर्सरीची पावती पाहिली आहे त्यांना पुढचं सांगण्याची गरज नाही. चाइल्ड बेनिफिटलाही असाच कप्पा आहे, ६०,००० ते ८०,००० च्या मध्ये ते हळूहळू कापलं जातं, पण त्यात रक्कम लहान आणि मनस्ताप मोठा.

किती घालता येतं

वर्षाला ६०,००० पौंड, सगळे वाटे मिळून. मागच्या तीन वर्षांत न वापरलेली मर्यादाही उचलता येते, पण त्या वर्षांत तुम्ही ब्रिटनच्या एखाद्या नोंदणीकृत पेन्शन योजनेचे सभासद असायला हवं. गेल्या वर्षी पुण्याहून आलात आणि आजच पहिलं खातं उघडलंत, तर मागची वर्षं हिंजवडीतल्या ईपीएफमध्ये गेली, त्यांचा इथे उपयोग नाही. दोन लाखांच्या पुढे कमावणाऱ्यांसाठी ही मर्यादा आक्रसू शकते. त्यांच्याकडे अकाउंटंट असतो, त्याला विचारावं.

न करण्याच्या गोष्टी

घराचं कर्ज घेणार असाल तर आधी कर्ज घ्या, मग पगार सोडा. बँक पेस्लिपवरचा कमी झालेला आकडा बघते, तुमची दूरदृष्टी बघत नाही. घरात बाळ येणार असेल तर आईने या काळात जपून करावं. मातृत्व रजेचा कायदेशीर पगार रजेआधीच्या काही आठवड्यांच्या सरासरीवर ठरतो आणि सोडलेला पगार त्या सरासरीत धरला जात नाही.

हे पैसे अडकतात. आज पंचावन्नाव्या वर्षी काढता येतात, ६ एप्रिल २०२८ पासून सत्तावन्नाव्या. चाळिशीतल्या माणसाने मुलीच्या लग्नासाठी म्हणून यात पैसे घातले, तर मुलीला तशी कल्पना द्यावी.

आणि तो ठग. लिंक्डइनवर किंवा एखाद्या ओळखीच्याच्या ओळखीतून एक मेसेज येईल: आमच्याकडे या, हातात पंच्याऐंशी टक्के, एचएमआरसीची मान्यता आहे. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचं कर खातं, कोणत्याही योजनेला मान्यता देत नाही. तुम्ही पायरी १ मध्ये साठ टक्के काढले होते, ते कायद्याने निघालेले साठ होते. मधले पंचवीस आले कुठून? बहुधा किमान वेतनाएवढा पगार आणि बाकीचं 'कर्ज', 'ॲडव्हान्स' किंवा असंच काही, जे परत मागणार नाही असं तोंडी सांगितलेलं. अशा कर्जांवर ब्रिटिश सरकारने ५ एप्रिल २०१९ रोजी लोन चार्ज लावला, डिसेंबर २०१० पासूनच्या कर्जांवर, आणि अनेक कॉन्ट्रॅक्टरांना आलेली बिलं त्यांच्या घराच्या किमतीएवढी होती. योजना विकणारी कंपनी तोवर बंद झालेली असते; उरतो तो करदाता, म्हणजे तुम्ही. एप्रिल २०२६ पासून अम्ब्रेलाने कर भरला नाही तर तो एजन्सीकडून वसूल करता येतो, त्यामुळे एजन्सीतला तो मुलगा आता अचानक तुमच्या अम्ब्रेलाची चौकशी करू लागला असेल. त्याला तुमची काळजी वाटते असं समजू नये, पण फायदा घ्यावा. त्याच्या यादीतल्या कंपन्या त्याने तपासलेल्या असतात.

मुदत

ही मार्गदर्शिका जपून ठेवण्यासारखी नाही. २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की एप्रिल २०२९ पासून सॅलरी सॅक्रिफाइसने भरलेल्या पेन्शनमध्ये वर्षाला फक्त पहिले २,००० पौंड एनआयमुक्त राहतील. त्यावरच्या रकमेवर कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा, दोन्ही एनआय लागेल. प्राप्तिकराची सवलत राहील. साध्या नोकरीत मालकाचा बोजा मालक सोसेल. अम्ब्रेलात कोण सोसेल हे पायरी १ वाचलेल्याला विचारू नये. आज पन्नासला पडणारे शंभर तेव्हा जवळजवळ साठला पडतील, म्हणजे सिपमध्ये हाताने भरल्यासारखेच. लाखाच्या वरच्या पट्ट्यातल्यांसाठी आणि पाळणाघरासाठी तेव्हाही उपयोग राहील, कारण ती गणितं प्राप्तिकराची आहेत. बाकीच्यांनी मधली वर्षं मोजावीत आणि घरखर्चातून जेवढं सुटतं तेवढं या वर्षांत आधी उरकावं, असं मला वाटतं. २०२९ येईपर्यंत नियम पुन्हा बदलणारच नाहीत, असं मात्र या देशात कोणी छातीठोकपणे सांगू नये.

परत जायचं असेल तर

लंडनच्या मराठी घरांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात सुट्टीहून परतल्यावर महिनाभर चालतो. पेन्शनचं खातं इथेच राहतं. तुम्ही पुण्यात बसून ते वाढताना पाहू शकता. भारताने २०२१ मध्ये प्राप्तिकर कायद्यात केलेल्या तरतुदीमुळे ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर दरवर्षी न मिळालेल्या वाढीचा कर भरावा लागत नाही, पैसे काढताना भरता येतो. त्यासाठी परतल्यावर ठरावीक फॉर्म वेळेत भरायचा असतो. ब्रिटिश सरकारी पेन्शन ही वेगळी गोष्ट. तिला किमान दहा वर्षांची एनआय नोंद लागते आणि पगार सोडल्याने ती सहसा बिघडत नाही. भारतात राहून ती घेतली तर ज्या आकड्यावर सुरू होते त्याच आकड्यावर शेवटपर्यंत राहते, दरवर्षीची वाढ मिळत नाही. मामांना हे सांगितलं तर ते हसतील.

कॉन्ट्रॅक्ट संपताना

पी-४५, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारा पगार-कराचा कागद, मागून घ्यावा. नेस्टचं खातं पुढच्या अम्ब्रेलातही तेच चालतं, पण दुसऱ्या योजनेत घातलं असेल तर तिचा सभासद क्रमांक लिहून ठेवावा. चार अम्ब्रेला बदललेल्या माणसाची चार छोटी खाती चार ठिकाणी पडलेली असतात आणि त्यांची पत्रं जुन्या भाड्याच्या घरी जात असतात. शेवटच्या पगारातून शेवटचा हप्ता सोडायचा असेल तर तो काम संपण्याआधी कळवावा. नंतर करारच उरत नाही. आणि सुट्टीचा पगार दर आठवड्याला न देता कंपनी साठवून ठेवत असेल, तर तो निघण्यापूर्वी मागून घ्यावा. तो तुमच्याच रेटमधून कापलेला असतो, आणि न मागितलेला साठा काही कंपन्यांकडून कधीच परत येत नाही.